डोंगराकडचं दार

आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी मी पंचवीस मिनिटं उशिरा पोचले, आणि त्याला कारण आमच्या विभागातले सेंदाईकर काका. आदल्या संध्याकाळी त्यांचा मेसेज आला होता, ‘डोंगराकडच्या दाराने ये, तिथे पार्किंग मिळतं.’ मी नागपूरहून नुकतीच आलेली. मला वाटलं, असेल डोंगर. कारखान्याला दोन चकरा मारल्या. पश्चिमेला पोळपाटासारखी सपाट जमीन, त्यावर गाई. शेवटी सुरक्षारक्षकाला विचारलं. तो आयरिश गडी शांतपणे म्हणाला, की माउंटन गेट म्हणजे वेस्ट गेट, आणि वर्षाला चार-पाच जण तरी असेच डोंगर शोधत येतात.

काकांचं खरं आडनाव जोशी. पण कारखान्यात जोशी चार, आणि जपानात सेंदाईला शिकलेले हे एकटेच, म्हणून सेंदाईकर. त्यांच्या मते कुठलंही गाव सेंदाईसारखंच मांडलेलं असायला हवं: पश्चिमेला डोंगर, पूर्वेला समुद्र, मधून नदी. तसं नसेल तर चूक गावाची. त्यामुळे आमचं डब्लिनकडचं गेट आपोआप ‘समुद्राकडचं’ झालं.

जेवणाच्या सुट्टीत ते डब्यातच सेंदाई मांडायचे. पोळीचा काठ म्हणजे पॅसिफिक, भाजीचा ढीग म्हणजे आओबायामाची टेकडी, तिच्यावर विद्यापीठ. टेकडीच्या पायाशी वळणं घेणारी हिरोसे नदी आमटीची. “इतर शहरांना विद्यापीठ असतं, इथे विद्यापीठाला शहर आहे,” हे वाक्य ठरलेलं. मग मोठ्या रस्त्यांवरची झेलकोव्हाची झाडं, हिवाळ्यातला बर्फ, कमी बोलणारी पण शब्दाला पक्की माणसं. सगळं सांगून झालं की विद्यापीठ खाऊन टाकायचे.

आमच्या ऑफिसात त्यांनी एक फळा लावला होता. प्रत्येकाच्या नावाची चुंबकाची पट्टी, आणि रकाने चार: हजर, मीटिंगला, जेवायला, घरी. सेंदाईच्या लॅबमध्ये असाच होता म्हणे. जागेवरून उठलं की आधी पट्टी हलवायची. आम्ही विसरायचो, तर स्वतः उठून हलवायचे आणि अर्धा दिवस बोलायचे नाहीत. मला तेव्हा हा माणूस जरा अतीच वाटायचा.

मग सेंदाईच्या त्याच विद्यापीठात आमच्या कामावर व्याख्यान द्यायचं ठरलं. काम सगळं काकांचं, त्यांनीच जायला हवं होतं. त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून माझं नाव पुढे केलं. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. डून लेरी बंदराच्या धक्क्यावर ते दर रविवारी आमच्यापुढे चालायचे. मी खोदून विचारलं तेव्हा बोलले. वडील आजारी पडले म्हणून पीएचडी अर्धी टाकून ते मिरजेला गेले होते. महिन्याभरात परततो असं सेन्सेईंना, म्हणजे त्यांच्या प्राध्यापकांना, सांगितलं होतं. वडील गेले, घराचा भार अंगावर पडला, परतणं झालं नाही. लाजेने पत्रही लिहिलं नाही.

“त्या फळ्यावर मी माझी पट्टी ‘घरी’मध्ये सरकवून आलो गं,” ते म्हणाले. “आता कुठल्या तोंडाने जाऊ?”

मी सेंदाईला पोचले तर टेकडीवर चक्क मेट्रो जाते. काकांना हे ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे पायीच निघाले; झाडांखालून, पूल ओलांडून, वर. चढ संपल्यावर मागे वळून पाहिलं. खाली शहर, लांब पूर्वेला समुद्राची रेघ. पोळी, भाजी, आमटी, सगळं जागच्या जागी होतं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले.

व्याख्यानाच्या पहिल्याच पानावर मी त्यांचं नाव टाकलं होतं. ते वाचून लॅबचे आताचे प्राध्यापक नंतर मला आत घेऊन गेले. सेन्सेई जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे प्राध्यापक त्या काळी काकांच्या शेजारच्या टेबलाशी बसायचे. भिंतीवर जुना पिवळा पडलेला फळा होता. सगळी नावं नवी, आणि ‘घरी’च्या रकान्यात तळाशी एक पुसट पट्टी: जोशी.

काढली कशी नाही, मी विचारलं.

“येणार नाही, असं तो सांगून गेला नव्हता,” ते म्हणाले. “सेन्सेईंनी कुणाला हात लावू दिला नाही.”

मी पट्टीचा फोटो आणि ते वाक्य काकांना पाठवलं. मी परतल्यावर त्यांनी माझी पट्टी ‘हजर’मध्ये सरकवली आणि कामाला लागले. दोन महिन्यांनी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशीही जाताना स्वतःची पट्टी शिस्तीत ‘घरी’ ठेवून गेले. आम्ही ती काढलेली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला. फोटोत तोच पिवळा फळा, आणि ती पुसट पट्टी ‘हजर’मध्ये. खाली एकच ओळ होती: ‘डोंगराकडच्या दाराने आलो.’