तारीख न पडलेलं कलम

“मॅडम, दहा वर्षांचं कलम आहे. ठाण्यात जामीन होत नाही. उद्या कोर्टात मागा,” फौजदार साहेब म्हणाले आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

मी कपाला हात लावला नाही. रागात असले की मला चहा जात नाही, हे माझ्या नवऱ्याला आणि खालापूर-कर्जतच्या निम्म्या वकिलांना माहीत आहे.

शनिवारची दुपार होती. हायवेवरचं एक पोलीस ठाणं. नाव लिहीत नाही, कारण चूक त्या एकाच ठाण्याची होती असं मला वाटत नाही. आत लॉकअपमध्ये दत्ता होता. टेंपो ड्रायव्हर, नेरळच्या बाजूचा, चौक गावातल्या गॅरेजांना सुटे भाग पोचवणारा. बाहेर बाकावर त्याची बायको सुनंदा बसली होती. तिनंच मला फोन करून बोलावलं होतं.

झालं होतं असं. आदल्या दिवशी अंधार पडताना जुन्या हायवेवर दत्ताच्या टेंपोची एका मोटरसायकलला धडक बसली. मोटरसायकलवरचा गणेश लोधिवलीच्या बाजूचा, कंपनीतून घरी चाललेला. तो जागीच गेला असं पोलिसांचं म्हणणं. दत्ता टेंपो तिथंच सोडून शेतातून पळाला. त्यानं फोन केला तो टेंपोच्या मालकाला. सकाळी सुनंदानं त्याला हाताला धरून ठाण्यात आणून उभं केलं.

मी आधी दत्ताला भेटले.

“पोलिसांना फोन का नाही केलास?”

“घाबरलो बाई. लोकं जमली होती. मारलं असतं मला.”

“पळालास तेव्हा तो जिवंत होता?”

“बघितलं नाय,” तो म्हणाला.

मी त्याला गजांच्या अलीकडून जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझा त्याच्यावरही राग होता, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढचं वाचताना ही बाई पळपुट्याची बाजू घेते असं कुणाला वाटायला नको.

पण पळणाऱ्यालाही जो कायदा आहे तोच लावायचा असतो. जो नाही तो नाही. माझं भांडण एवढंच होतं.

जुनी भारतीय दंड संहिता गेली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, हे बहुतेकांना माहीत असतं. तिच्यात कलम १०६ आहे. हयगयीनं कुणाचा मृत्यू घडवला तर काय, हे त्यात आहे. त्याचे दोन तुकडे आहेत, त्यांना आम्ही पोटकलमं म्हणतो. पहिल्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुन्हा जामीनपात्र. म्हणजे जामीनदार आणा, सही करा, घरी जा, खटला चालेल तेव्हा या. तो आरोपीचा हक्क आहे, पोलिसांचे उपकार नव्हेत. दुसरं पोटकलम आहे ते गाडीनं माणूस मारून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यासाठी. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि अजामीनपात्र. दत्ताला हे दुसरं लावलं होतं.

“साहेब, हे पोटकलम लागू नाही,” मी म्हणाले.

“कसं लागू नाही? हे काय.” त्यांनी टेबलावरचं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. नुसती कलमं छापलेलं, कोर्टाबाहेर स्टॉलवर मिळतं तसलं. “वाचा. संसदेत पास झालंय. राष्ट्रपतींची सही झाली. नंबर पडला. छापून बाजारात आलं. अजून काय पाहिजे तुम्हाला?”

“तारीख.”

“काय तारीख?”

“हे कलम अमुक दिवसापासून लागू, असं सरकारनं सांगितल्याची तारीख.”

ते हसले. त्यांच्या हसण्यानं माझं डोकं आणखी फिरलं.

वकील नसलेल्यांसाठी जरा उलगडून सांगते. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होतं, राष्ट्रपती सही करतात, मग त्याला नंबर मिळतो. हा नंबर दर वर्षी पहिल्यापासून सुरू होतो. न्याय संहिता हा २०२३ सालचा ४५ वा कायदा. मग तो भारताच्या राजपत्रात, म्हणजे सरकारच्या गॅझेटमध्ये छापला जातो. सगळ्यांना वाटतं झालं, कायदा आला. पण पुष्कळ कायद्यांच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं असतं की सरकार वेगळी अधिसूचना काढून ठरवेल त्या दिवशी हा लागू होईल, आणि वेगवेगळ्या कलमांना वेगवेगळी तारीख देता येईल. लग्नाची पत्रिका छापून झाली आणि मुहूर्ताची जागा कोरी ठेवली, असं समजा. पत्रिका खोटी नसते, पण तिच्या भरवशावर कुणी वऱ्हाड घेऊन निघत नाही.

न्याय संहितेची अधिसूचना निघाली. १ जुलै २०२४ पासून सगळी कलमं लागू, एक सोडून. ते एक म्हणजे १०६ चं दुसरं पोटकलम. याच कलमावरून देशभर ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली होती. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, चौकच्या ढाब्यांसमोर ट्रक ओळीनं उभे होते. हे फौजदार साहेबांनीही पाहिलं असणार. तेव्हा सरकारनं चर्चेशिवाय हे लावणार नाही असं सांगितलं, आणि तारीख दिली नाही. दत्ताची ही केस झाली तेव्हाही दिलेली नव्हती.

मी मोबाइलवर गॅझेटच्या साइटवरची अधिसूचना काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

“व्हॉट्सॅपवरचं दाखवू नका मॅडम.”

“व्हॉट्सॅप नाही. सरकारचं राजपत्र आहे. वर सिंह दिसतायत का तुम्हाला?”

त्यांनी पाहिलं न पाहिलं केलं. “आम्हाला वरून काही आलेलं नाही.”

“जे लागूच नाही त्याचं वरून काय येणार?” मी म्हणाले. “पहिलं पोटकलम लावा. पळून गेल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात वेगळं कलम आहे, तेही लावा. मी अडवणार नाही. पण हे खोडा आणि त्याला जामिनावर सोडा.”

साहेब उठले, खिडकीशी गेले आणि मला बोलावलं. गेटबाहेर गणेशच्या गावची माणसं उभी होती. पुढे त्याचा मोठा भाऊ भगवान. हातात हेल्मेट होतं, बहुधा गणेशचंच.

“सकाळी ही मंडळी रस्ता अडवायला निघाली होती,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “मी पुस्तक दाखवलं, दहा वर्षं आत टाकतो म्हटलं, तेव्हा शांत झाली. आता याला सोडला तर मी त्यांना काय सांगू? एक रात्र राहू दे की आत. काय फरक पडतो?”

म्हणजे गडी अडाणी नव्हता. पुस्तकावर बोट ठेवताना कलमाबद्दल खरंच अज्ञान असेल, पण मी गॅझेट दाखवल्यावर त्याला कळलं होतं. कळूनही त्यानं दत्ताला आत ठेवायचं ठरवलं होतं, स्वतःच्या डोक्याचा ताप वाचवायला. एक रात्र काय फरक पडतो, हे बाहेरच्या माणसानं म्हणायला सोपं आहे. मी त्यांना म्हटलं, फरक पडत नसेल तर तुम्ही राहा आत, मी बाहेर चहा पाठवते. त्यानंतर आमचं बोलणं संपलं.

बाहेर सुनंदानं विचारलं, “सोडतायत का ओ?”

“उद्या कोर्टात.”

“पण तुमी म्हणाला ते कलम नायच म्हणून.”

“नाहीच आहे गं.”

“मग कशात धरलंय त्यांना?”

मी तिला घरी जायला सांगितलं. दुसरं काय सांगणार होते?

रविवारी सुट्टीच्या दिवशीचे मॅजिस्ट्रेट बसले. पोलिसांनी दत्ताला उभं केलं. सरकारी वकील माझ्या ओळखीचे, चांगले गृहस्थ. तेही सुरुवातीला म्हणाले, “पुस्तकात तर आहे मॅडम.” मी अधिसूचनेची प्रिंट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला आणि खाली बसले. त्यांचं मला कौतुक वाटलं. चूक कळल्यावर गप्प बसणारा वकील विरळा.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी प्रिंट वाचली. मग तपास अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या फौजदार साहेबांनाच, विचारलं, “हे पोटकलम कोणत्या तारखेपासून अंमलात आलं?”

“पुस्तकात तारीख नाही, सर.”

“मी पुस्तकातली विचारत नाहीये.”

मॅजिस्ट्रेटनी प्रिंट त्यांच्यापुढे धरली.

“काल वकिलांनी ही अधिसूचना तुम्हाला दाखवली होती?”

“मोबाइलवर दाखवली होती, सर.”

“आणि तरीही रात्रभर ठेवलंत.”

आदेश झाला. लागू असलेल्या कलमांपुरताच विचार करायचा, गुन्हा जामीनपात्र, आरोपीला जामिनावर सोडावं. ठाण्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत आटोपलं. एवढ्याच कामासाठी एका माणसाची रात्र लॉकअपमध्ये गेली होती.

जिंकले होते, पण राग उतरला नव्हता. आणि पायऱ्यांवर भगवान उभा होता.

मला वाटलं, हा आता शिव्या देणार. माझी तयारीही होती. पण तो नीट बोलला, आणि ते मला जास्त लागलं.

“वकीलबाई, आमच्या गणेशला टाकून पळाला तो. खरं ना?”

“खरं.”

“त्याला दहा वर्सं म्हणून लिवलंय. फौजदारांनी मला दावलं. मी वाचलंय, मला वाचता येतं.”

“लिहिलंय. पण अजून सुरू केलेलं नाही.”

“कोण सुरू करणार?”

“सरकार.”

“कवा?”

“माहीत नाही.”

“मग छापलं कशापायी ओ?” तो म्हणाला. “आमाला दावायला?”

मागे सुनंदा दत्ताला घेऊन रिक्षात बसत होती. तिनं माझ्याकडे बघून हात जोडले. भगवाननं तेही पाहिलं. मग तो खाली उतरून गेला.

खटला अजून चालू आहे, बरोबर कलमांखाली. दत्ता तारखेला येतो, मान खाली घालून बसतो. खुलाशाचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. फौजदार साहेबांची बदली झाली, पण ती रीतसर, यामुळे नव्हे. मी गेले तेव्हा नव्या साहेबांच्या टेबलावर तेच पुस्तक होतं. त्या पानावर मी त्यांच्यासमोर लाल पेननं लिहिलं, ‘लागू नाही’. ते हो मॅडम म्हणाले.

धडा विचाराल तर साधा आहे. कायद्याचं पुस्तक हातात आलं की लोक थेट शिक्षेच्या पानावर जातात. आधी पहिलं कलम वाचावं, मग तारीख शोधावी. मी नव्या वकिलांना हेच सांगते आणि ते वहीत लिहून घेतात. पण भगवानच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हतं. ज्याचा भाऊ रस्त्यावर मेला त्याला, तुझं कलम खरं आहे, फक्त ते अजून कुणी चालू केलेलं नाही, असं मी सांगितलं खरं, पण ते कोणत्या तोंडानं सांगायचं, हे कुठल्याच गॅझेटात छापलेलं नाही.