दहावीच्या वर्षीचं रुखवत

आधी मावशींचं नाव घेते. खरं नाव नव्हे, ते चाळीतसुद्धा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या त्या मावशीच. आमच्या खोलीला लागून त्यांची खोली, मध्ये एका विटेची भिंत. घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या चाळीत राहून मी दहावी झाले ती त्यांच्यामुळे. उपकार इतरांचेही आहेत, नवऱ्याचे तर आहेतच. पण पहिलं नाव मावशींचं. ते घेतल्याशिवाय पुढचं काही सांगायला जीभ उचलत नाही.

मी तापीकाठच्या खेड्यातली. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा तालुक्याला. एकटी पोरगी रोज एसटीनं जाणार कशी, यावर घरात थोडे दिवस बोलणं झालं, आणि मग कुणी तो विषयच काढला नाही. दप्तराच्या पिशवीत आईनं लसूण भरून ती खुंटीला टांगली. पुढं लग्न होऊन मुंबईला आले. नवरा घाटकोपरलाच एका कारखान्यात पॅकिंगला होता. गाव इतकं लांब की आईची आठवण आली तरी वर्षातून एकदाच जाणं व्हायचं. सुरुवातीला तर मला दरवाजा लावून बसायचीच सवय लागली होती. बाहेर सगळे भराभर बोलायचे आणि माझ्या तोंडून ‘काय वं’ निघालं की पोरी हसायच्या.

दहावीचं डोक्यात भरलं ते बालवाडीमुळे. डोंगराच्या पायथ्याशी एक बालवाडी होती. तिथल्या बाई मला म्हणाल्या होत्या, “तुझा हात चांगला आहे, पोरांना रमवशील. पण दहावी हवी गं.” मग नवऱ्यानं चौकशी केली. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो भरला. पहिल्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या आणि ऐन परीक्षेच्या वेळी गावी जावं लागलं. पेपर राहिले. दुसऱ्या वर्षी फॉर्म भरताना नवरा एवढंच म्हणाला, “यंदा झालं तर झालं बघ. नाहीतर सोडून देऊ.” तो रागानं बोलला नव्हता. पण मी त्याच दिवशी गणिताचं पुस्तक काढून बसले.

हाताचं काम मात्र मला सोडता येत नव्हतं. मी रुखवताच्या वस्तू करायची. लग्नात नवरीकडचे लोक टेबलावर रुखवत मांडतात, त्यातल्या शोभेच्या वस्तू. सुपारीचे भटजी, सुपारीचे नवरा-नवरी, पुठ्ठ्यावर डाळी चिकटवून केलेला गालिचा, लोकरीची तुळस. थोरल्या बहिणीच्या लग्नात हे सगळं मी शिकले होते. चाळीत एकीनं पाहिलं, दुसरीला सांगितलं, आणि लग्नसराई आली की कुणी ना कुणी दारात उभं राहायचं. नाही म्हणायला जमायचं नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणावंसं वाटायचंही नाही. भूमितीचं प्रमेय चुकलं की दिवसभर आपण अगदीच ढ आहोत असं वाटायचं. मग सुपारीवर काजळानं डोळे काढले, ते डोळे आपल्याकडे बघायला लागले, की जरा जीव थाऱ्यावर यायचा.

सकाळी पाणी भरायचं, स्वयंपाक, डबा. दुपारी उन्हाची तिरीप खिडकीतून येते तेवढ्या वेळात बारीक काम, कारण ते दिव्याच्या उजेडात नीट होत नाही. ऊन सरकलं की पुस्तक. असं मी ठरवलं होतं. ठरवलेलं चार दिवस चालायचं, पाचव्या दिवशी नळाला पाणी यायचं नाही किंवा पाहुणा यायचा.

त्यातच नवऱ्यानं पोटमाळा काढला. “तुला बसायला जागा नाही, वर फळ्या टाकून देतो, वर बसून अभ्यास कर,” म्हणाला. कारखान्यातून मोडक्या खोक्यांच्या फळ्या मागून आणायचा आणि सुट्टीच्या दिवशी ठोकत बसायचा. जागा माझ्यासाठीच होत होती, म्हणून आवाजाला नावं ठेवायची सोय नव्हती. मी कानात बोटं घालून इतिहास वाचायची. एकदा मावशी दारातून डोकावून म्हणाल्या, “काय गो बाय, घर बांधताय काय बोट?” नवरा म्हणाला, “बोटच समजा मावशी, पाऊस आला की तुम्हालाही घेऊ.” “माझ्या वजनानं बुडाल रे,” म्हणत त्या हसत गेल्या.

त्या वर्षी रुखवत होतं ते वरच्या रांगेतल्या काकूंच्या मुलीचं. मुलगी अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होती. लग्न मार्चमध्ये, रविवारी, मुलुंडच्या हॉलमध्ये. माझी परीक्षा त्याच आठवड्यात सुरू होणार आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बीजगणित. काकूंना मी म्हटलं होतं की सगळं फेब्रुवारीतच करून ठेवते, आणि ठेवलंही होतं. सुपारीची अख्खी वरात होती, पुढं वाजंत्री, मागं करवल्या. मूग, मसूर आणि तांदूळ लावून केलेला गालिचा तर मला स्वतःलाच इतका आवडला होता की द्यायला नको वाटत होता. सगळं एका खोक्यात भरून फळीवर उंच ठेवलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी काकू म्हणाल्या, एकदा बघून घेते. मी फळीकडे हात नेला तर फळीच नव्हती. पोटमाळ्याचा वासा तिथून जायचा म्हणून नवऱ्यानं ती मागच्या सुट्टीला काढून ठेवली होती, आणि खोकं खाटेखाली, मोरीच्या बाजूला सरकवलं होतं. पुस्तकातून डोकं वर काढून मी तिकडे पाहिलंच नव्हतं. खोकं ओढलं तेव्हाच ते हलकं लागलं.

उंदरांनी काही ठेवलं नव्हतं. डाळी गेल्या होत्या, पुठ्ठा कुरतडलेला, लोकरीचा भुगा. सुपाऱ्या होत्या, पण त्यांची पागोटी, शेले, उपरणी सगळी ओढून नेलेली. उघड्याबोडक्या सुपाऱ्या आणि त्यांचे ते काजळाचे डोळे.

काकू म्हणाल्या, “हे काय? हे काय गं?” आणि मग, “अगं, वाट लावलीस ना माझी! व्याही काय म्हणतील?”

मावशी आवाज ऐकून आल्या. त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा उचलून नाकाशी नेला.

“कशानं चिकटवलास?”

“खळीनं. ज्वारीच्या पिठाच्या.”

आमच्याकडे सगळं खळीनंच चिकटवतात. पतंग, कंदील, वह्यांची कव्हरं. बाजारातल्या पांढऱ्या गोंदाच्या वासानं माझं डोकं दुखायचं, आणि माझ्या बोटांना खळीचा अंदाज होता. गावी अशा वस्तू कडुनिंबाच्या पाल्यात ठेवून वर शिंक्यात टांगत. इथं मोरीशेजारी मी उंदरांना डाळभाकरीचं ताटच वाढून ठेवलं होतं.

नवऱ्याला त्या दिवशी कारखान्याची सुट्टी होती, तो हातोडी घेऊन तसाच उभा. “मला काय माहीत त्यात पीठ होतं ते,” असं काहीतरी पुटपुटला. मी खाली बसले. उघड्या सुपाऱ्या ओच्यात गोळा करायला लागले. मी म्हटलं, “काकू, मी करते परत. रविवारपर्यंत करते सगळं.” नवरा म्हणाला, “आणि पेपर?”  माझ्या मनात पेपर सुटलेच होते. शब्द दिला होता, दुसऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. माझं काय, आणखी एक वर्ष. पण आणखी एक वर्ष मिळणार नव्हतं, हेही मला ठाऊक होतं.

मावशी काकूंना म्हणाल्या, “लेक कधी येते हापिसातून?”

“साडेसहाला. का?”

“तिला माझ्याकडं पाठव. रुखवत नवरीच्या हातचा म्हणून मांडणार ना तुम्ही? मग करू दे की तिला.”

“तिला? तिला साधं बटण लावता येत नाही!”

“येल. लगीन करता येतंय तर बटण पण येल.”

काकू चिडल्या. चाळीत ही रीतच होती की रुखवत कुणाकडून तरी करून घ्यायचं आणि मांडताना सगळ्यांना सांगायचं, आमच्या मुलीनं केलंय हो. सगळ्यांना खरं ठाऊक असायचं आणि कुणी बोलायचं नाही. मावशींनी ते भर दुपारी दारात उभं राहून बोलून टाकलं. काकू तणतणत वर गेल्या. मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी मुलगी खरंच आली, ऑफिसची पर्स खांद्याला तशीच. “मावशी, मला खरंच काही येत नाही हां,” म्हणाली. मावशी म्हणाल्या, “दहा बोटांनी मशीन बडवतेस ना? सुपारीला पागोटा बांधायला दोन पुरतात. बस.”

मीही त्यांच्या मागोमाग गेले, तर मावशींनी मला उंबऱ्यावरच अडवलं. “तू नाय. तू तुझं वाच.” आणि आतून कडी घातली.

तो आठवडा मी भिंतीला पाठ लावून काढला. पलीकडे त्या दोघी हसत असायच्या. “मावशी, ही करवली आहे की बटाटा?” “तुझी नणंद समज.” मला उठून जावंसं वाटायचं. गोंद जास्त लावतील, शेला आधी लावून मग डोळे काढतील, सगळं चुकेल असं वाटायचं. आपल्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात गेलं की जीव कसा तुटतो, हे मला तेव्हा कळलं. पुस्तकातली ओळ चारचारदा वाचायची. संध्याकाळी मावशी भाकरी आणि कालवण झाकून आणून ठेवायच्या आणि एक शब्द न बोलता जायच्या. मराठीचा पेपर दिला, हिंदीचा दिला. केंद्रावर सगळी पंधरा-सोळा वर्षांची पोरं. एकानं मला शाळेतल्या बाई समजून “मॅडम, पाणी कुठंय?” विचारलं. मी दाखवलं आणि त्याच्याच मागच्या बाकावर जाऊन बसले.

रविवारी मुलुंडला गेले. रुखवताचं टेबल मला लांबूनच दिसलं. भटजींचं पागोटं कलतं, वाजंत्र्याचा एक हात भलतीकडेच, गालिच्यावरचं कमळ कोबीसारखं. मी भराभर टेबलाकडे गेले. नवरदेवाच्या एक आत्या वाकून बघत म्हणाल्या, “भटजी झिंगलेत वाटतं तुमचे! कुणी केलं हे?” काकूंनी तोंड उघडायच्या आत नवरी बोहल्याच्या बाजूनं मोठ्यानं म्हणाली, “मीच केलंय, आत्या. पागोटं बांधताना सुटत होतं सारखं.” आत्या हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे खरंच तू केलंस की.” काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली, पण रागानं नाही. मी जेवणाला न थांबता परत आले. दुसऱ्या दिवशी बीजगणित होतं.

पेपर संपले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची गोष्ट. मावशींकडे त्यांचा पुतण्या संगमेश्वराकडच्या गावाहून आला होता. मी पोहे घेऊन गेले तेव्हा तो सांगत होता, “काकी, पालखी अंगणात आली. दाराला कुलूप. मानकरी म्हणाले, ह्या घराला कुलूप कधी नव्हता. जरा वेळ थांबली आणि वळली. मी माझ्या हातानं नारळ दिला, पण घर बंद होता ना.” मावशी ऐकत होत्या. खाली बघून नुसतं “बरां,” म्हणाल्या.

मी काय ते विचारलं. आमच्याकडे होळी म्हणजे होळी. मला हे काही माहीत नव्हतं. पुतण्यानंच सांगितलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी गावातल्या प्रत्येक घरी जाते. त्या दिवशी घर उघडं हवं, दिवा लागलेला हवा, घरच्या बाईनं ओटी भरायची. मावशींचे यजमान गेल्यापासून गावच्या घरात राहणारं कुणी नव्हतं. त्या दरवर्षी मुंबईहून जायच्या, घर झाडायच्या, सारवायच्या, पालखीची वाट बघायच्या. एकही शिमगा चुकला नव्हता. त्या वर्षीचा चुकला. माझ्या मराठीच्या पेपराच्या दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती.

“मावशी, मला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“सांगितला असता तर तू पेपराला गेली असतीस?”

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

“मग?” त्या म्हणाल्या. “खा ते पोहे. गार झाले.” आणि पुतण्यापुढे बशी सरकवली. थोड्या वेळानं त्या उठून मोरीशी गेल्या आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या.

जूनमध्ये मी पास झाले. बीजगणितात काठावर. नवरा पेपरातला नंबर बोटानं पुन्हापुन्हा दाखवत होता. मी आधी पलीकडे गेले आणि मावशींच्या पाया पडले. “देवाच्या पड,” म्हणाल्या. मग माझ्या पाठीवर थाप मारून, “पण झालीस ना! झालीस!” बालवाडीत मला घेतलं. आजही मी तिथंच आहे. तिथल्या मुलांना सुपारीची माणसं करून दाखवते तेव्हा पांढरा गोंद वापरते, डोकं दुखतं तरी.

मावशींनी त्यानंतरचा एकही शिमगा सोडलेला नाही. पण आता त्यांचे गुडघे धरलेत. डोंगराच्या पायऱ्या उतरताना दर वळणावर बसतात. यंदा गाडीत चढवताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की सोडवेना. त्यांना मी अजून काही म्हटलेलं नाही, म्हटलं तर उडवून लावतील. पण इथं लिहून ठेवते. ज्या वर्षी त्यांना गाडी झेपणार नाही, त्या वर्षी किल्ली मागून घेईन आणि मी जाईन. त्या गावची वाट मला माहीत नाही, ओटी कशी भरतात तेही मावशींना आधी विचारून घ्यावं लागेल. पण घर झाडीन, सारवीन, दिवा लावीन आणि पालखी येईपर्यंत दार उघडं ठेवून उंबऱ्याशी उभी राहीन.