पलीकडच्या आयांसाठी

युद्ध सुरू असताना पलीकडच्या सैनिकाच्या आईसाठी तुम्ही कधी प्रार्थना केली आहे का? मोठ्यानं, चार लोकांना ऐकू जाईल अशी? माझी आई करायची. आणि एका रविवारी मी तिला ती करू दिली नाही.

आमच्या घरात कागदांना तोटा नव्हता. वडील घोडेगावच्या एसटी स्टँडवर उभे राहून डोंगरातल्या गावांना निघालेल्या माणसांच्या हातात ख्रिस्ताची पत्रकं देत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. कॉलेजात गेल्यावर स्वतःची लिहू लागले: धरणाच्या पाण्यावर, हुंड्यावर, सत्तेपुढे वाकणाऱ्यांवर. आईला मात्र लिहिता-वाचता येत नव्हतं. वडील गेल्यावर उरलेल्या गुलाबी पत्रकांच्या गठ्ठ्यांची कोरी पाठ तिच्या कामी आली.

जुन्नरला आमच्या चर्चमध्ये दर रविवारी एक ताटली फिरते. ज्या गोष्टीसाठी प्रार्थना हवी ती चिठ्ठीवर लिहून ताटलीत टाकायची, आणि पाळक सगळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवतात. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाच्या पोरीचं लग्न जमत नसतं. भाऊ सैन्यात गेला तेव्हापासून आईची चिठ्ठी एकच. येडगावच्या घरातून निघण्याआधी ती ओट्याला टेकून सांगायची आणि मी गुलाबी पत्रकाच्या पाठीवर लिहायचे: "माझ्या पोराला सांभाळ. पलीकडं ज्यांची पोरं उभी हायेत, त्या आयांनाबी सांभाळ."

"मी सांगते तसंच लिही गं," ती बजावायची. "तुझं पुस्तकी काय घालू नको त्यात."

मग सीमेवर खरोखरच तोफा सुरू झाल्या. भावाचा फोन बंद. टीव्हीवर आरडाओरडा, चौकात फ्लेक्स. आमच्या धर्माकडे आधीच तिरकं पाहिलं जायचं; त्या आठवड्यात दुकानदारानं साखर बांधताना विचारलं, "काय ताई, तुमची प्रार्थना कुणाच्या बाजूनं?" हसत विचारलं, पण विचारलं. शनिवारी मंडळीतले एक काका घरी आले. "उद्या जपून हां, वहिनी. चर्चच्या खिडक्या रस्त्यावर हायेत."

"मग बरंच हाय की," आई म्हणाली. "रस्त्यालाबी ऐकू जाईल."

रविवारी तिनं नेहमीचंच सांगितलं. मी लिहिलं, "आमच्या शूर जवानांना विजय दे." तिच्यासमोर बसून लिहिलं. तिनं कागदाची घडी घालून पदराच्या टोकाला बांधली.

चर्चमध्ये पाळकांनी गुलाबी कागद उघडला आणि वाचला. मागून कुणीतरी जोरात "आमेन" म्हणालं. आई आधी त्या कागदाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

परतताना स्कूटीवर ती माझ्या मागे बसली होती. धरणाचं पाणी दिसू लागलं तेव्हा बोलली.

"तुझ्या पत्रकांत लई आग असती. माझ्या दोन ओळींना भ्याली व्हय?"

"लोक काय म्हणले असते, आई? आणि दादा तिकडं हाय."

"म्हणून तर. माझं पोरगं तिकडं हाय म्हणून मला ठावं हाय, त्या बाया कशा बसल्या असतील."

चार दिवसांनी भावाचा फोन आला. स्पीकर चालू होता. सुखरूप आहे म्हणाला, जेवलो म्हणाला, आणि मग, "आई, आपली चिठ्ठी टाकली ना गं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "टाकली की," ती म्हणाली. तिला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

त्यानंतर तिनं मला कधी चिठ्ठी सांगितली नाही. ताटली आली की पुढे सरकवायची. एकदा मी पेन घेऊन शेजारी बसले, तर म्हणाली, "राहू दे. माझं मी सांगते देवाला."

गळ्यात क्रूस घालून बॉम्बना आशीर्वाद देणारे पुढारी मी मोबाइलवर बघते. देवाला आपल्या बाजूला ओढणारे आपल्याकडचेही बघते. दोघांचाही मला संताप येतो, आणि त्यांच्याविरुद्ध मी पानंच्या पानं लिहिली आहेत. पण त्या रविवारी मला कुणी धमकावलं नव्हतं. एका दुकानदाराचं हसू आणि उघड्या खिडक्या, एवढ्यावर मी आईची प्रार्थना बदलली.

तिला जाऊन आता दुसरा नाताळ येतोय. गुलाबी पत्रकांचा अर्धा गठ्ठा अजून कपाटात आहे. दर रविवारी मी तिच्या त्या ओळी लिहून ताटलीत टाकते आणि पाळक वाचतात. ऐकताना मला ओट्याला टेकलेली ती हवी असते, एकदाच, "मी सांगते तसंच लिही गं" म्हणणारी.

तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर येत्या रविवारी, किंवा तुमच्या प्रार्थनेचा जो वार असेल त्या वारी, तिच्याजवळ बसा. ती सांगेल ते एक शब्दही न बदलता लिहा. आणि खिडक्या उघड्या ठेवून वाचा.