चाचीच्या हातचं पाणी

चाची माणसाच्या तोंडाकडे बघायचीच नाही. आधी मनगट बघायची. कळंबला आमच्या आळीत ती बांगड्यांची टोपली घेऊन आली की बायका अंगणात बसायच्या. ही प्रत्येकीचा हात घेऊन अंगठ्याखाली एकदा दाबायची आणि माप सांगून मोकळी व्हायची. माझ्या आईचा हात खुरप्याने राठ झालेला. त्यातूनही ती काच अलगद चढवायची. "हात सैल सोड, बये. मी काय दुश्मन हाय का तुजी?" असं वर दटावायची.

याच हातांनी ती मयताला आंघोळ घालायची. आमच्याकडे मुसलमानांची घरं मोजकी. त्यांच्यातली कुणी बाई गेली की बोलावणं चाचीला, मग ते पेठेतून येवो नाहीतर महाळुंगे पडवळहून. आमच्या काकूला हे फार खुपायचं. मढी धुणाऱ्या हाताने काकणं कशाला भरून घ्यायची, असं ती एकदा तोंडावरच म्हणाली. चाची शांतपणे म्हणाली, "वैनी, इतक्या जनींना न्हाऊ घातलं, पर पानी कडत व्हतं म्हनून एकीनं बी तक्रार केली न्हाई. जित्या बायाच लई कुरकुरत्यात." काकूने तणतणत दोन डझन भरून घेतल्या.

मोहरमचे पहिले दहा दिवस मात्र टोपलीवर फडकं. स्वतःचे हातही ती मोकळे ठेवायची. माझ्या ताईचं लग्न नेमकं त्याच दिवसांत निघालं. आईने विनवलं, चिडून बघितलं. चाची एवढंच म्हणाली, "हुसेनसाबच्या घरात रडारड हाय, आन् मी काकणं वाजवत फिरू? पोरगी माझी बी हाय. पर आत्ता न्हाई." शेवटी मंचरहून बांगड्या आणल्या. त्यातल्या दोन मांडवातच वाढवल्या, तेव्हा आईने त्याचंही खापर चाचीवरच फोडलं.

दहाव्या दिवशी ती दारात सरबताचा हंडा ठेवायची. आम्ही पोरी दोन-दोन पेले पिऊन तिथेच रेंगाळायचो, कारण मग ती करबलाची गोष्ट सांगायची. नदी डोळ्यांपुढे वाहतेय आणि तीन दिवस पोटात पाण्याचा थेंब नाही. सहा महिन्यांचं लेकरूसुद्धा सोडलं नाही. एकेक जण शहीद होत गेला, पण हुसेनसाब अन्यायापुढे वाकले नाहीत. इतकं सगळं ती न रडता सांगायची. तिचा आवाज फुटायचा तो पुढे, सगळं संपल्यावर. बहिणीला, झैनबबीबीला, धरून नेलं आणि भाऊ तिथेच वाळूत पडून राहिला. "माती द्यायला बी थांबू दिलं न्हाई गं तिला," असं म्हणून ती पदराने नाक पुसायची. इतक्या मारामारीत हिला नेमकं मातीचंच का रडू येतं, हे मला तेव्हा कळायचं नाही.

मी एकदा विचारलं होतं, त्या शहिदांना आंघोळ कुणी घातली? ती म्हणाली, "लढाईतल्या शहिदाला न्हाऊ घालत न्हाईत. हाय त्या कापडात, हाय त्या रक्तात ठेवायचं. अल्लाकडं तसंच जायचं, साक्ष म्हनून."

तिची एकुलती एक लेक नसीम पुण्यात दिलेली होती. चाचीने तिला मयताला न्हाऊ घालायची आपली विद्या शिकवलेली. माझ्या वेळेला हीच, असं ती अभिमानाने सांगायची. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नसीम गेली. दवाखान्याने पिशवी बंद करून दिली, चार अनोळखी पोरांनी तिला दफन केलं. चाचीच्या वाट्याला आले जावयाच्या मोबाईलवरचे दोन फोटो. गावभरच्या बायकांना जिने न्हाऊ घातलं, तिला पोटच्या पोरीच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतता आलं नाही.

जो येई तो समजूत घालायचा. तिचा पुतण्या म्हणाला, "चाची, साथीत गेलेला मानूस शहीदच असतो. शहिदाला आंघोळ लागत न्हाई. मनाला लावून घेऊ नको." माझ्यासमोरची गोष्ट. "दर्जा शहिदाचा मिळतो, खरं हाय," चाची म्हणाली. "पर न्हानं माफ असतं ते लढाईतल्याला. साथीतल्याला न्हाऊ घालायचं असतं. तवा इलाज नव्हता, अल्ला माफ करील. पर मला नको शिकवू, बाबा. मी ह्येच काम केलंय." पुतण्या चांगलाच ओशाळला. मीही तेच सांगायला गेले होते.

त्या वर्षी दहाव्या दिवशी सरबत झालं, गोष्ट झाली नाही. पुढच्या वर्षी मी माहेरी होते म्हणून दुपारी गेले. चाची एकटीच हंड्याशी बसलेली. पेला माझ्या हातात देऊन म्हणाली, "झैनबबीबीला भावाला माती देता आली न्हाई. मग तिनं काय केलं? सांगत राहिली. जितं नेलं तितं सांगितलं, बादशहाच्या तोंडावर सांगितलं. म्हनून आज आपल्याला ठावं हाय. मी बी आता सांगते. तू ऐक."

आणि तिने मला नसीमची आंघोळ सांगितली. बोरीचा पाला घालून पाणी कसं कोमट केलं असतं, अंगावरची चादर न सरकवता हात कसा फिरवला असता. आधी उजवी कूस, मग डावी. शेवटच्या पाण्यात कापूर. "केस लई व्हते तिचे, कमरंच्या खाली. त्याचे दोन भाग करायचे, आन् दोन्हीकडनं छातीवर आनून ठेवायचे." हे सांगताना तिचे हात हवेत हलत होते. मी रडत होते. ती रडली नाही. शेवटी दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाली, "झालं."

मागच्या थंडीत चाची गेली. मी पोचले तेव्हा अंगणात चादरींचा आडोसा केला होता. आत पुतण्याची बायको आणि आणखी दोघी होत्या. मी बाहेर, इतर बायकांत. पाण्याचा आवाज येत होता, मग थांबला. आत कुजबुज सुरू झाली. "केसांचं कसं करायचं गं? दर टायमाला चाचीच करायची." कुणालाच नक्की सांगता येईना. माझा धर्म निराळा, तिथे बोलायचा मला काय अधिकार? पण माझ्याने राहवेना. चादरीजवळ जाऊन म्हणाले, "दोन भाग करा. दोन्हीकडून छातीवर ठेवा."

"बरं," आतून कुणीतरी म्हणालं.