खाडीत आडवी टाकलेली सायकल

उजवा पाय गुडघ्याच्या वर गाळात गेला होता आणि निघत नव्हता. पाणी छातीला लागलं होतं. तीन वर्षांचा मुलगा माझ्या मानेवर बसला होता, माझे केस दोन्ही मुठींत धरून. डाव्या हाताला सायकल गाळात रुतून उभी होती आणि तिच्या कॅरिअरवर सात वर्षांची मुलगी उभी होती. तिचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात दप्तराची पिशवी. धुकं इतकं होतं की दोन्हीपैकी एकही काठ दिसत नव्हता. मी रुतलेला पाय ओढला की दुसरा खाली जाई. म्हणून ओढणं थांबवलं. थांबले तर पाणी वर येत होतं.

मुलगी म्हणाली, "आये, पिशवी टाकू का?"

मी म्हटलं, "टाक."

तिने टाकली नाही.

हे कसं झालं ते सांगते. यात दोष माझा एकटीचा होता.

आमचं घर खाडीच्या अलीकडे, चिंचणीच्या बाजूच्या एका पाड्यावर. शाळा आणि बालवाडी खाडीच्या पलीकडे. त्याच्याही पुढे मैलभर, तारापूरकडे, वीजघराचं बांधकाम चाललं होतं. तिथे मजुरांच्या कॅन्टीनमध्ये मी भाकऱ्या करायला जायची. नवरा बोटीवर. गेला की आठ-आठ दिवस दिसायचा नाही. त्याची सायकल घरी नुसती उभी असायची, ती मी घेतली. पुरुषाची सायकल, मध्ये दांडा असलेली. नऊवारीचा काष्टा घातलेला असला की दांडा आडवा येत नाही. पहिले पंधरा दिवस लोक ओट्यावर येऊन बघत. एक म्हातारा रोज विचारी, "काय गो, बोट कधी चालवशील?" मी म्हणायची, "तुमी उतरलात की." मग त्याने विचारणं सोडलं.

मुलाला पुढे दांड्यावर, गोणपाटाची घडी बांधून. मुलीला मागे. बालवाडीच्या बाई लवकर दार उघडत, म्हणून आधी मुलगा तिथे, मग मुलगी शाळेच्या ओट्यावर, मग मी कॅन्टीनला. साडेनऊला हजेरी. मुकादम उत्तरेकडचा होता. दोनदा उशीर झाला तेव्हा त्याने मला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तीसरी बार देर हुई तो फाटक से ही वापस जाना." दुपारी बाजारातून परतणाऱ्या बायका मुलांना घरी आणत. सकाळ मात्र माझी एकटीची.

पुलावरून जायचं तर तीन मैलांचा फेरा, तोही खडीच्या रस्त्याने. खाडीतून गेलं की पंधरा मिनिटांत पलीकडे. ओहोटीला खाडीत पाण्याचे दोनच पाट उरत, मध्ये रेतीचा उंचवटा. पाट गुडघाभर. सायकल हाताने ढकलत न्यायची, मुलं तिच्यावर बसलेली. वाट एकच होती, जाळ्यांच्या खुंटांच्या रांगेने. तिथे पाय टिकतो. रांग सोडली की गाळ.

आता खाडीत कधी उतरायचं हे कळायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. आमच्याकडे सगळे तसंच करतात. तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे तिथीला पाऊणने गुणायचं, ती भरतीची वेळ. बीज असली तर दीड वाजता भरती. चौथ असली तर तीन वाजता. त्याच्या सहा तास आधी पाणी सगळ्यात कमी. दशमी-एकादशीला सकाळी पाणी भरलेलं असतं, तेव्हा मी तासभर आधी निघून पुलावरून जायची. सकाळी ओहोटी असेल त्या दिवशी खाडी.

मी चौथीपर्यंत शिकले. पावकी, निमकी, पाऊणकी, सगळं तोंडपाठ होतं. सासूला एक अक्षर येत नव्हतं. ती आकड्यांशिवाय पाणी ओळखायची, आणि मला ते पटायचं नाही. मी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढत असे. अमावास्येपासून रोज एक रेघ. रेघा मोजायच्या, पाऊणकी करायची, झालं.

त्या महिन्यात अमावास्या दुपारी लागली आणि दुसऱ्या दिवशीही होती. मी पहिल्याच दिवशी सुरुवात धरली. एक रेघ जास्त झाली. मला ते माहीत नव्हतं.

सासूला माहीत होतं. मी मुलाच्या पोटाला पंचा बांधत होते, ती दारात उखळाशी बसली होती.

"आज पुलावरून जा," ती म्हणाली. "आज उशीर झालाय तुला."

"चौथ आहे आत्याबाई. नऊपर्यंत पाणी उतरतं."

"चौथ नाय. तीज हाय."

"भिंतीवर बघा. चार रेघा आहेत."

"भिंतीवर काय बघू? मी काल चंद्र बघला. नखाएवडी कोर व्हती. पयल्यांदा दिसला तो कालच. काल बीज, आज तीज."

तिच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता. तांदळातला खडा तिला दिसत नसे. मी म्हटलं, "परवाही चंद्र होता. तुम्हाला दिसला नसेल, एवढंच."

मी सायकल बाहेर काढली.

तीज आणि चौथ यांत फरक पाऊण तासाचा. वेळेवर निघाले असते तर तेवढ्याने काही बिघडलं नसतं. पण पाड्याच्या वळणावर चेन उतरली. पुन्हा बसवली, पुन्हा उतरली. मागचं चाक ढिलं झालं होतं आणि पाना घरी. दगडाने चाक ठोकून मागे सारलं, हात काळे झाले, मुलगा मध्येच उतरून कोंबडीमागे पळाला. खाडीवर आले तेव्हा सूर्य चांगला वर आला असणार, पण धुक्यात तोही कळत नव्हता. पुलाकडे परत वळलं तर हजेरी गेली. मुकादम फाटकात उभा दिसत होता मला.

काठावरच्या पहिल्या खुंटावर कालवांचे शिंपले चिकटलेले असतात. पाणी कालवांच्या खाली असेल तरच उतरायचं, असा नेम आहे. मी बघितलं. पाणी खाली होतं. ते चढतंय की उतरतंय, हे बघायला दोन मिनिटं थांबावं लागतं. मी थांबले नाही.

पहिला पाट गुडघ्याच्या थोडा वर. उंचवट्यावर आलो. दुसऱ्या पाटात पाय घातला तर पाणी मांडीला लागलं. सायकलची चेन पाण्याखाली गेली. मी मागे आले आणि मुलीला म्हटलं, "थोडं थांबू. अजून उतरतंय."

हीच माझी चूक. चौथ धरली होती, म्हणजे नऊपर्यंत ओहोटी. वीजघराचा नऊचा भोंगा अजून व्हायचा होता. तेव्हा पाणी उतरतच असणार. मी रेतीवर उभी राहून चढत्या पाण्याची उतरायची वाट बघत होते.

मुलगा सायकलची घंटी वाजवत होता. मुलगी पाण्याच्या कडेला उकिडवी बसली होती. वीजघराचा भोंगा झाला. नऊ. मी म्हटलं, "चला, आता सगळ्यात कमी."

मुलगी म्हणाली, "आये, ते सोडण उलटं चाललंय."

नारळाचं एक सोडण, वरची सोललेली साल, पाण्यावर होतं. ओहोटीला ते समुद्राकडे जायला हवं. ते गावाकडे चाललं होतं, आणि सावकाश नाही.

पुढचा पाट तेव्हा कमरेला असणार. मागचा उथळ, म्हणून मागे फिरले. मुलांना सायकलवर घालून पाण्यात उतरले. घाईत खुंटांची रांग कुठे, ते बघितलं नाही. धुक्यात ती दिसतही नव्हती. दहा पावलांवर चाक रुतलं. ते काढायला जोर लावला तशी मी रुतले. मुलाला उचलून मानेवर घेतलं, मुलीला कॅरिअरवर उभं केलं. तिथे आम्ही होतो.

मी ओरडले नाही. सकाळी त्या वेळेला खाडीवर कोणी नसतं, बोटी केव्हाच बाहेर गेलेल्या. मी विचार करत होते तो एवढाच, की दोघांपैकी एकाला घेऊन पोहता येईल. दोघांना नाही. तोही विचार पुरा केला नाही. पाय निघत नसताना पोहण्याचा विचार करून काय उपयोग?

तेव्हा धुक्यातून हाक आली.

"कुटं हायस गो?"

सासू मागून चालत आली होती. मी निघाल्यावर अर्ध्या तासाने ती उठली होती, हे तिने नंतर सांगितलं.

"इथे! पाय रुतलाय!"

"पोरं?"

"आहेत."

"पानी कुटवर?"

"छातीला."

ती म्हणाली, "सायकल आडवी टाक. तिच्यावर उभी रा."

मला ते कळलं लगेच. गाळात कालवं काढायला जाणाऱ्या बायका फळी टाकून तिच्यावर पाय देतात. पण सायकल नवऱ्याची होती. लग्नाआधीची. तो रविवारी तिला खोबरेल लावायचा. आता लिहिताना लाज वाटते, पण मी म्हटलं, "सायकल खराब होईल."

"तुज्या सायकलीला आग लाव! टाक म्हनते ना!"

मुलीला म्हटलं, माझ्या कमरेला मिठी मार, नाक वर ठेव. ती उतरली आणि तिच्या हनुवटीला पाणी लागलं. मी तिला काखेत धरली, दुसऱ्या हाताने हँडल दाबलं. सायकल सहज आडवी झाली, गाळाला जणू तिचीच वाट होती. मी डावा पाय दांड्यावर दिला. दांड्याने धरलं. सगळा भार तिकडे टाकला आणि उजवा पाय हळूहळू फिरवत वर घेतला. गाळाने चप्पल ठेवून घेतली, पाय सोडला. मग मी सायकलवर उभी होते आणि पाणी पोटाच्या खाली होतं.

"बोलत रा," सासू म्हणाली. "मला दिसत नाय. बोलत रा म्हंजे येते."

मी पाढे म्हणू लागले. पाऊणकीच आली तोंडात. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड. मुलगी माझ्याबरोबर म्हणू लागली, तिला अर्धी येत होती.

सासू खुंट चाचपत आली. काठावरच्या पहिल्या खुंटाला जाळ्याची दोरी बांधून दुसरं टोक तिने कमरेला गुंडाळलं होतं. ती माझ्यापेक्षाही बुटकी, पाणी तिच्या छातीशी. दोन खुंटांच्या मधून तिचा हात पुढे आला. खुंटांची रांग माझ्यापासून चार हातांवर होती. चार हात. मला वाटलं होतं, मी कुठल्या कुठे गेलेय.

"आदी पोरगी दे."

मुलगी दोरीला धरून गेली. पिशवी दातांत. मग मुलगा. तो सोडायला तयार नव्हता, माझे केस त्याच्या मुठींत राहिले. मग मी. सायकल मागे पाण्याखाली.

काठावर आलो तेव्हा पाणी कालवांच्या वर गेलं होतं. सासूने मुलाच्या थोबाडीत एक दिली, कारण तो तेव्हा रडू लागला होता. मग त्याला पदरात गुंडाळलं. मी म्हटलं, "आत्याबाई, तीज होती."

"मंग काय सांगत व्हते?"

ती त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. मीही तिची माफी मागितली नाही. घरी आल्यावर चुलीमागच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. त्यानंतर रोज सकाळी सायकल काढण्याआधी मी तिला विचारी, "आज कोण तिथी?" ती सांगायची, मी पाऊणकी करायची.

संध्याकाळी पाणी उतरल्यावर दोन बाप्ये जाऊन सायकल घेऊन आले. चाकात खेकडा होता. दांडा पुढे गंजला, पण तिच्यावर आम्ही आणखी तीन वर्षं शाळेला गेलो.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने विचारलं, "कल क्यों नहीं आई?"

"पानी आ गया."

"पानी तो रोज आता है," तो म्हणाला आणि मला फाटकातून परत पाठवलं. आठव्या दिवशी बोलावणं आलं. नव्या बाईच्या भाकऱ्या मजूर खात नव्हते.

त्या सकाळी खाडीत आम्ही चार माणसं होतो. सासू त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि घरात, खाटेवर गेली. मुलगी, मुलगा आणि मी अजून आहोत.