जुन्या फाईलवर लिहिलेला सोमवार

‘९ फेब्रुवारी २०२५, रविवार. थंडी ओसरली. न्हावऱ्याहून सविता आली, हुरडा आणला. कॉम्प्युटरचं रोजचं विचारणं बंद करून दिलं. यांची वही बंबात घातली.’

केडगावच्या सुलक्षणाबाईंची ही नोंद. साठ वर्षांत त्यांचा एक दिवस नोंदीवाचून गेला नव्हता. यजमान सर्जेराव रेल्वेत गार्ड होते, दौंडला. गेल्या पावसाळ्यात अंथरुणाला खिळल्यावर ते नोकरीतल्या आठवणी सांगत आणि बाई वहीत टिपून घेत. दिवाळीआधी ते गेले. मग बाईंनी एकेक अक्षर शोधत सगळी वही कॉम्प्युटरवर ‘आठवणी’ नावाच्या फाईलीत उतरवली, दोनदा ताडून पाहिली. पक्की प्रत झाली की कच्ची ठेवायची नाही, ही लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली शिस्त.

भाची सविता कारखान्याच्या ऑफिसात होती. तिने कॉम्प्युटरवर फाईलींच्या नावांची अनुक्रमणिका करून दिली होती. तिच्यातल्या नावावर क्लिक केलं की ती फाईल उघडे, पण फक्त वाचायला; पडद्यावर खोडलं तरी मूळ फाईल बदलत नसे. बाई रोज ‘आठवणी’ उघडत, पहिलं पान वाचत, मग पाटी पुसावी तसं सगळं पुसून तिथंच दिवसाची नोंद लिहीत. समास, अक्षर सगळं आयतं मिळे. सेव्ह करताना कॉम्प्युटर नवं नाव मागे. आठवणी शाबूत राहत, त्या या विचारण्यामुळेच. हे ना बाईंना ठाऊक, ना बाई रोज पुसतात हे सविताला.

“मेलं रोज नाव विचारतं,” रविवारी सविता आली तेव्हा बाई कुरकुरल्या. “रोज बारसं आहे का माझ्याकडं?”

सविता हसली. “आता न्हाई इचारायचं, आत्या. लिंक दाबली की फाईल थेट लिहायलाच उघडंल.”

सोमवारी नाव न विचारता काम झालं. बाईंना बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी ‘आठवणी’वर क्लिक केलं. ‘पहिल्या रात्रपाळीला माझ्या हातात कंदील दिला,’ हे वाक्य वर असायचं. तिथं होतं: ‘१० फेब्रुवारी, सोमवार. नळाला पाणी उशिरा.’ खाली काहीच नाही.

“दुसरी प्रत हाय का कुठं?” सविताने फोनवर विचारलं.

“हीच पक्की.”

“आन् मामांची वही?”

“बंबात घातली. पक्की झाली होती ना.”

“आत्या? जाळली व्हय? आवं, मला इचारायचं तरी!”

दुपारी सविताने कारखान्यातला कॉम्प्युटरवाला आणला. तासाभराने त्याने नकारार्थी मान हलवली.

ती दोघं गेल्यावर बाई कागद घेऊन बसल्या. कंदिलाचं वाक्य आठवलं. पुढचं आठवेना. कंदील कुणी दिला, गाडी कोणती होती? सगळी वही त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवली होती, पण टिपताना आणि उतरवताना लक्ष ऱ्हस्वदीर्घाकडे होतं. सांगणाऱ्याकडे नव्हतं. आता विचारायचं कुणाला?

त्यांनी कागद उलटा केला आणि पेनने लिहिलं:

‘११ फेब्रुवारी, मंगळवार. बंबातली राख चाळून भांडी घासायला डब्यात भरली.’