चिखलीच्या माळ्यावर गॅलेक्सींची तपासणी

माझी पीएचडी एका पेनड्राइव्हवर मावते. तिचे किस्से कुठे ठेवायचे हा प्रश्न आहे. संशोधनात म्हणे डेटाचा पसारा होतो, आमच्या घरी तो किस्स्यांचा झाला. पाहुणे आले की मंदार, म्हणजे माझा नवरा, पोह्यांच्या बशा पुढे करतो आणि म्हणतो, "हिला ते कांद्याचं विचारा." मग पोहे गार होतात.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर हसताना अडखळायला होईल. मी गॅलेक्सींचा अभ्यास करते. पुस्तकात त्यांना दीर्घिका म्हणतात, आमच्यात कुणी म्हणत नाही. मोठमोठ्या दुर्बिणी आख्ख्या आकाशाचे फोटो काढून ठेवतात, त्याला सर्व्हे म्हणायचं. त्यातल्या एकेका गॅलेक्सीच्या उजेडाचा रंग बघायचा आणि आत म्हातारे तारे किती, तरुण किती, हे कॉम्प्युटरवर मॉडेल बसवून सांगायचं. मिसळीचा एक घास खाऊन आत काय काय पडलंय आणि ती सकाळची की आत्ताची हे ओळखावं, तसलाच प्रकार. यात रात्र जागवावी लागत नाही. मी पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये भरदिवसा पंख्याखाली बसून करायचे, त्यामुळे सोसायटीत बरेच दिवस मी बेकार आहे असा समज होता.

माझं घोडं अडलं ते एकमेकींवर आदळलेल्या गॅलेक्सींपाशी. कॉम्प्युटरला त्या धड ओळखता येईनात. काही हजार फोटो माणसाच्या डोळ्यांनीच बघणं भाग होतं. युनिव्हर्सिटीने दोनदा मुदत वाढवून दिली होती आणि तिसऱ्यांदा मिळणार नाही असं लेखी कळवलं होतं. म्हणजे फोटो बघून झाले नाहीत, किंवा झाले आणि परीक्षकांनी ते मानले नाहीत, तर सगळ्या वर्षांवर पाणी. मी तेव्हा घरात बसून रडायचे, हे सरळच सांगते.

मंदार चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याने हे रडगाणं कॅन्टीनमध्ये ऐकवलं. समोर बसले होते नाना. चिखलीचे जुने रहिवासी, निवृत्तीला महिना उरलेला, एकतीस वर्षं ब्रेकचे ड्रम नुसत्या नजरेने तपासलेले. शेजारी गुट्टेभाऊ, बीडकडचे, नानांच्या हाताखाली तयार झालेले इन्स्पेक्टर. नाना म्हणाले, "फोटू बगायचं आन खोट काढायची? मंग यात रडायचं काय?"

एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारी दुपारी चार वाजता नानांच्या मुलाच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपवर, माळ्यावर, आम्ही लॅपटॉप मांडले. मुलगा सुट्टी पाळत नसे, त्यामुळे खाली ग्राइंडर चालू आणि वर विश्व.

* * *

पहिल्या दिवशी शिकवणीसाठी मी दोनशे फोटो छापून नेले होते. तीन ट्रे ठेवले. गोल गॅलेक्सी एकात, भोवऱ्यासारख्या हातांच्या दुसऱ्यात, आदळलेल्या तिसऱ्यात. समजावून सांगितलं आणि काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, चहात मदत करायला खाली गेले.

वर आले तर दोनच ट्रे भरलेले. तिसरा रिकामा. मी विचारलं, आदळलेल्या कुठेत? नानांनी कोपऱ्यातल्या लाल रंगाच्या क्रेटकडे बोट दाखवलं. सगळ्या आदळलेल्या गॅलेक्सी त्यात, प्रत्येकीला दोऱ्याने लाल चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर "रिजेक्ट" आणि खाली नानांची सही.

मी म्हटलं, नाना, मला याच तर हव्यात. गॅलेक्सी एकमेकींवर आदळल्या की आतला वायू दाबला जातो आणि नवे तारे जन्माला येतात.

नानांनी एका चिठ्ठीची सुटत आलेली गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "आमच्याकडं आदळलं तर इन्क्वायरी जन्माला येती."

* * *

गुट्टेभाऊंचा वेग बघून मला गहिवरून यायचं. नाना एका दुपारी शंभर फोटो बघायचे, गुट्टेभाऊ हजार. एका गुरुवारी तर त्यांनी दीड हजार उरकले आणि वर दोनदा चहा घेतला. मी मंदारला म्हटलं, या माणसाचा सत्कार करायला पाहिजे.

घरी येऊन फाइल उघडली. पहिल्या शंभर गॅलेक्सी गोल. पुढच्या शंभर भोवरे. पुढच्या शंभर परत गोल. विश्व इतकं शिस्तीत आहे हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी त्यांच्या शेजारी बसले. भाऊंनी शंभराच्या गठ्ठ्यातले पाच फोटो उघडले, नीट बारकाईने बघितले, जास्ती ज्या प्रकारच्या निघाल्या तोच शिक्का सगळ्या शंभरांना मारला आणि पुढचा गठ्ठा घेतला. कंपनीत असंच चालतं. प्रत्येक ड्रम कोण तपासत बसणार? लॉटमधले पाच बघायचे आणि लॉट सोडायचा.

मी जवळजवळ किंचाळलेच. भाऊ शांत. "मॅडम, मी नियमानंच तपासायलो की ओ. सगळा माल एकाच सप्लायरचा हाय ना?"

मी गाइड सरांना फोन केला. सर म्हणाले, तसं बघितलं तर विश्व सगळीकडे सारखंच, याच गृहीतकावर सगळं विश्वशास्त्र उभं आहे, पण तू त्यांना पहिल्यापासून परत तपासायला लाव.

* * *

काही फोटोंत दोन गॅलेक्सी एकमेकींवर चढलेल्या असतात. उजेड कुणाचा किती हे ठरवायला मध्ये रेघ ओढावी लागते. हे नाजूक काम मी नानांना दिलं. त्यांनी पेन हातात घेतलं, फोटो बघितला आणि पेन खाली ठेवलं.

नानांचा चुलतभावाशी बांधावरून अकरा वर्षं खटला चाललेला. त्यांनी मला विचारलं की ही मोजणी कुणी केली. मी दुर्बिणीचं सांगितलं. मोजणीच्या वेळी दोन्ही पार्ट्या हजर होत्या का? नव्हत्या. दोघांना नोटीस गेली होती का? मी म्हटलं, नाना, त्या कित्येक कोटी प्रकाशवर्षं लांब आहेत, नोटीस कशी जाणार?

"मंग तर लौकर धाडाया पायजे," नाना म्हणाले, आणि त्यांनी रेघ काही ओढली नाही. ती मी ओढली. आजही तो फोटो थिसिसमध्ये बघताना मला आपण कुणाची तरी जमीन लाटलीय असं वाटतं.

* * *

आता ते कांद्याचं.

काकू लग्नानंतर बरीच वर्षं चाकणच्या मार्केटला कांदा निवडायला जायच्या. एका गुरुवारी चहाचे कप घेऊन वर आल्या आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत उभ्या राहिल्या. भोवऱ्यासारखी गॅलेक्सी होती, हातांवर निळे ठिपके. काकू म्हणाल्या, "ह्याला कोंब आल्यात."

मी दचकले. निळे ठिपके म्हणजे कोवळे तारे. माझ्या मॉडेलला हेच सांगायला आख्खी दुपार लागली होती. मी पुढचा फोटो लावला, गोल, पिवळट. "हा वाळलेला हाय. टिकंल." बरोबर. त्यात नवे तारे जन्मायचे कधीच थांबलेले.

मग मी हट्टालाच पेटले. एकामागून एक दहा फोटो दाखवले. नऊ बरोबर आले. दहाव्याला काकू म्हणाल्या कोंब आहे, मॉडेल म्हणालं वाळलेला. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नंतर बघते तो मी फाइलमध्ये भलतीच ओळ वाचत होते. दहाच्या दहा काकूंचे.

नाना मागून अभिमानाने म्हणाले, "लग्नाआदी मला बी तिनं असंच एका नजरंत पसंत केलं व्हतं."

कप गोळा करत काकू म्हणाल्या, "तवा नजर तयार झाली नव्हती."

* * *

एकदा सर स्वतः चिखलीला आले. माझ्या मॉडेलप्रमाणे आदळलेल्या गॅलेक्सींत सगळे म्हातारेच तारे निघत होते. नवे तारे जन्मतात असं मी गावभर सांगत सुटलेली आणि माझंच मॉडेल म्हणतंय वृद्धाश्रम. आठ महिने मी आणि सर त्याच्याशी झगडत होतो. सरांनी माळ्यावरच्या फळ्यावर चाळीस मिनिटं समीकरणं लिहिली. नाना आणि गुट्टेभाऊ हाताची घडी घालून ऐकत होते.

शेवटी भाऊंनी विचारलं की तारे म्हातारे आहेत हे कळतं कशावरून. सर म्हणाले, उजेड लालसर दिसतो त्यावरून. भाऊंनी मान हलवली. मग म्हणाले, चाकणच्या चौकातून कालची कोरी गाडी आली तरी धुळीनं लाल होऊन दहा वर्षांची दिसते. "वय सांगायच्या आधी गाडी धुतली व्हती का, मॅडम?"

सर हसले. गॅलेक्सीतही धूळ असते, तिच्यामुळे उजेड लाल होतो, आणि मॉडेलमध्ये ती धूळ धरावी लागते हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं, असं त्यांनी भाऊंना समजावलं. भाऊ म्हणाले बरं.

मी मात्र हसले नाही. आठ महिन्यांपूर्वी मॉडेल लवकर पळावं म्हणून एका दिवसापुरती मी धूळ शून्य केली होती. ती परत चालू केल्याचं मला काही केल्या आठवेना. हळूच फाइल उघडून बघितली. शून्य.

सरांना स्क्रीन दाखवली, तर त्यांनी चाळीस मिनिटांची समीकरणं स्वतःच पुसून टाकली. जाताना त्यांनी भाऊंना हात जोडले आणि माझ्याकडे न बघता जिना उतरले. गाडी धुतल्यावर मात्र तारे झटक्यात तरुण झाले.

* * *

आणि मग व्हायव्हा. आमच्याकडे तो सगळ्यांसमोर होतो, कुणीही येऊन बसावं. मी तारीख मुद्दाम गुरुवारची मागून घेतली. नाना, काकू आणि गुट्टेभाऊ इस्त्रीचे कपडे घालून आले आणि थेट पहिल्या रांगेत, जिथे विभागप्रमुख बसतात तिथे, बसले.

बाहेरचे परीक्षक नागपूरकडचे. मोठं नाव, कपाळाला कायमची आठी. मॉडेलवर त्यांनी तासभर पिळून काढलं, ते मी निभावलं. मग ते त्या काही हजार फोटोंवर आले. हे फोटो खगोलशास्त्रज्ञांनी तपासलेले नाहीत, ब्रेकच्या कारखान्यातल्या लोकांनी तपासलेत. यांच्या नजरेवर आम्ही विश्वास का ठेवायचा? आणि नाही ठेवला, तर या थिसिसमध्ये उरतं काय?

प्रश्न रास्त होता. मी सरांकडे बघितलं. सर मान खाली घालून पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

पहिल्या रांगेतून नाना उठले. कापडी पिशवीतून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला आणि परीक्षकांच्या टेबलावर ठेवला. आमच्यात इन्स्पेक्टरवर कुणी असाच विश्वास ठेवत नाही, ते म्हणाले. तेच वीस पीस त्याला दोनदा द्यायचे, क्रम बदलून, तो बेसावध असताना. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं तर डोळा पक्का, नाहीतर त्याला लाइनवर उभं करायचं नाही. त्यांनी स्वतःची आणि गुट्टेभाऊंची ही परीक्षा वीस फोटोंवर दर महिन्याला घेतली होती आणि मला पत्ताच नव्हता. सगळे कागद तारीखवार, दोन्ही वेळची उत्तरं जुळलेली, खाली सह्या.

परीक्षकांनी एकेक कागद उलटून बघितला. आठी तशीच. मग म्हणाले, हे वीस फोटो तुमच्याकडे आहेत? नानांनी तेही काढले. परीक्षक म्हणाले, मी करून बघतो. वीस वर्षं हेच करतोय. सभागृहात हशा पिकला. त्यांनी भराभर वीस उत्तरं लिहिली आणि कागद नानांना दिला. मग चहा झाला. चहानंतर नानांनी क्रम बदलून तेच वीस फोटो परत त्यांच्यापुढे ठेवले. आता कुणी हसत नव्हतं.

नाना दोन्ही कागद घेऊन उभे राहिले. खिशातून लाल पेन्सिल काढली. एक गोल केला. मग दुसरा. मी मोजत होते. सहा झाले. वीसपैकी सहा गॅलेक्सींना त्याच माणसाने, त्याच दुपारी, चहाच्या आधी एक आणि चहानंतर भलतंच उत्तर दिलं होतं. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि कागद स्वतः तपासला. सहाच होते.

नाना अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सर, ट्रेनिंग घ्यावं लागंल. गुरुवारी या, चार वाजता, चिखलीला."

मी डोळे मिटून घेतले.

"किती दिवसांचं असतं?" परीक्षकांनी विचारलं.

नाना म्हणाले, "त्ये मागनं बगू. आदी पोरीचं सांगा. पास का न्हाई?"

"पास."

"मंग तुमचंबी हुईल."